वैद्यकाचे विद्यार्थी आणि संगणक



उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. काळभैरवाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंना ती माहीत असते. कापडाच्या व्यापाऱ्यांना ती तेथील छिपा कारागिरांच्या लाकडी ठशांमुळे आणि मेणाच्या छपाईमुळे माहीत असते. तेथील तिसरी प्रसिद्ध वास्तू म्हणजे मध्यवर्ती तुरुंग. तिची माहिती ज्यांना आतून आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. माझा आजचा विषय आहे वैद्यकाच्या शिक्षणात संगणकाने घडविलेला पालट. त्याचा भैरवगढाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. आगर रस्त्यावर सुरासा गावी २००१ सालापासून आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. ह्या परिसरातील माणसे तेथे रोगी म्हणून जातात, आणि त्यांची मुले विद्यार्थी म्हणून जाण्याची स्वप्ने पाहतात. मी शाळामास्तर. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस बसणारी मुले दरवर्षी माझ्या वर्गातून जातात, म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

प्रथम ग्रंथांविषयी बोलू. विद्या मिळविण्यासाठी माणसाला केवढे अंतर तोडावे लागे, ह्याचे आपल्या मराठी माणसांपुढचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. १८८६ च्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यास तिचा अंत झाला. पदवीसाठी तिने आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. तो हस्तलिखित प्रबंध आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि त्याची पाने छायाचित्रित करून सर्वांसाठी खुली केलेली आहेत. म्हणजे जी अक्षरे लिहिण्यासाठी आनंदीबाईंना सातासमुद्रांपार जावे लागले, ती भैरवगढातील एखादी मुलगी वडिलांच्या छपाईच्या कारखान्यात बसून हातातल्या दूरध्वनीवर वाचू शकते. ह्या एका गोष्टीपुढे संगणकावरील माझे पुष्कळसे आक्षेप लटके पडतात, हे मी आरंभीच मान्य करतो.

वैद्यकाच्या संशोधनाची सूची करण्याचे काम जुने आहे. अमेरिकी सैन्यातील शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज ह्यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केली. जगात कोठे कोणत्या रोगावर काय लिहिले गेले, ते तिच्यात पाहावयाचे, आणि मग तो अंक कोणत्या ग्रंथालयात मिळेल ह्याचा शोध करीत हिंडावयाचे. १९६४ साली ही सूची संगणकावर चढली. १९९७ साली ‘पबमेड’ ह्या नावाने ती घरबसल्या आणि विनामूल्य पाहण्याची सोय झाली, तर २००४ साली छापील सूची बंदच पडली. सव्वाशे वर्षे चाललेले हे काम संपले तेव्हा त्याची हळहळ ग्रंथपालांखेरीज फारशी कोणाला वाटली नसावी.

पण सूची फुकट झाली म्हणून लेख फुकट झाला नाही. जाणकारांच्या बाहेर ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. विद्यार्थी पडद्यावर लेखाचे नाव पाहतो, चार ओळींचा गोषवारा वाचतो, पुढे बोट लावतो, आणि प्रकाशक कित्येक डॉलरांची मागणी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ‘हिनारी’ नावाची योजना काढून गरीब देशांना ही नियतकालिके फुकट वा अल्प दरात दिली. तिच्या लाभार्थ्यांत हिंदुस्थान नव्हता. आपण गरीब खरे, पण प्रकाशकांच्या दृष्टीने मोठे गिऱ्हाईकही होतो.

ह्या भिंतीला एक खिंडार मुंबईत पडले, ह्याचा मराठी वाचकांनी अभिमान बाळगावा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक १९५५ पासून निघते. ह्या शतकाच्या आरंभीच त्याचे सर्व लेख संगणकाच्या जाळ्यावर कोणासही फुकट वाचता येऊ लागले. लेखकाकडून पैसा घ्यावयाचा नाही आणि वाचकाकडूनही घ्यावयाचा नाही, अशी ती रीत होती. ह्या कामामागे असलेले मुंबईचे डॉ. देवकुमार साहू ह्यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था चालवून पुढे अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांना हाच मार्ग दाखविला. अंक फुकट वाटला तर वर्गणीदार पळतील, ही भीती होती. उलट लेख अधिक वाचले गेले आणि इतर संशोधक त्यांचा अधिक आधार घेऊ लागले, असे साहू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आकड्यांनिशी मांडले. २०११ साली ‘मेडनो’ एका बलाढ्य परदेशी प्रकाशनगृहाने विकत घेतली. एवढे चांगले काम विकले जावे ह्याचे मला वाईट वाटते. परंतु व्यवसायाच्या अडचणी व्यवसाय करणाऱ्यालाच ठाऊक.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके असा तिचा व्याप. योजना उत्तम आहे. मात्र आरंभी ती सरकारी संस्थांपुरती ठेवण्यात आली. देशातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठा वर्ग खाजगी न्यासांच्या महाविद्यालयांत शिकतो, आणि त्यांतील बरीच महाविद्यालये आमच्या सुरासासारख्या खेड्यांच्या शिवारात आहेत. तेथील रुग्णालयात खाटेवर निजलेला शेतकरी सरकारी महाविद्यालयातील रोग्याहून निराळा नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या मुलाला मात्र ग्रंथ निराळे मिळतात.

आता भाषेविषयी. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन ह्या विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते प्रकाशित झाली. इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवून बाकी वाक्यरचना हिंदी करावयाची, असा तो बेत. त्यावर थट्टाही झाली. परंतु मराठी माणसाला हा प्रयोग नवा वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६० नंतर मराठी आणि गुजराती भाषांतून वैद्यक शिकविण्याचे वर्ग होते, आणि डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्यासारख्या विद्वानाने मराठीत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले होते. अशा प्रयत्नांची खरी अडचण पहिल्या पुस्तकाची कधीच नसते, ती असते दुसऱ्या आवृत्तीची. वैद्यकाचे ज्ञान दर पाच-दहा वर्षांनी कात टाकते, आणि तेवढ्या वेगाने भाषांतर करून छापणे जुन्या काळी कोणासही परवडले नाही. येथे संगणक खरोखर उपयोगी पडू शकेल. पाठ्यपुस्तक पडद्यावर असले म्हणजे एक प्रकरण बदलण्यासाठी सबंध ग्रंथ पुन्हा छापावा लागत नाही. ते प्रकरण तपासण्यासाठी विषय आणि भाषा दोन्ही जाणणारा प्राध्यापक मात्र लागतो. त्याला ह्या कामासाठी वेळ आणि वेतन कोणी द्यावयाचे, ह्याचा निर्णय पुस्तकप्रकाशनाच्या समारंभात होत नाही.

भाषेचा प्रश्न पुस्तकात संपत नाही. माळव्यातील स्त्री वैद्याकडे येऊन ‘घबराहट होती है’ असे सांगते. ह्या एका शब्दात हृदयाची धडधड येते, दम लागणे येते, रक्तक्षय येतो, कधी मुलीच्या लग्नाची काळजी येते. विद्यार्थ्याने खाटेजवळ बसून चार प्रश्न विचारावे, नाडी पाहावी, पापणी खाली ओढून पाहावी, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ त्या दिवसापुरता ठरतो. पडद्यावरच्या व्याख्यानात ‘घबराहट’ नसते; तेथे प्रत्येक लक्षणाला त्याचे शास्त्रीय नाव आधीच मिळालेले असते.

म्हणूनच मला धास्ती वाटते ती पुढील गोष्टीची. २०२० साली महामारीमुळे महाविद्यालये बंद पडली आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी शवविच्छेदनसुद्धा पडद्यावर पाहिले. ती निरुपायाची गोष्ट होती, तिला नावे ठेवू नयेत. परंतु महामारी ओसरल्यावरही एक सवय उरली आणि वाढली. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिच्या तयारीची व्याख्याने विकणाऱ्या खाजगी वर्गांनी विद्यार्थ्याच्या हातातील दूरध्वनीच व्यापून टाकला आहे. जे आंतरवासितेचे वर्ष रुग्णालयात उभे राहून काढावयाचे, त्या वर्षात अनेक मुले कोपऱ्यात बसून प्रश्नसंच सोडवितात. त्यांना मी दोष देत नाही, कारण परीक्षा ज्याचे गुण देते तेच विद्यार्थी शिकतो, हे शिक्षकाहून अधिक कोणाला ठाऊक असणार! हजेरीसाठी आयोगाने आधी अंगठ्याची आणि आता चेहऱ्याची यंत्रे बसविली. यंत्र चेहरा ओळखते, पण तो चेहरा रोग्याकडे वळला होता की नाही, हे त्याला कळत नाही.

संगणक रोग्यापासून दूरच नेतो असेही नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली स्थापिलेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयात ह्या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅक संस्थेच्या साहाय्याने रोग्यांच्या नोंदी संगणकावर घेण्यास आरंभ झाला. खेड्यातील रोगी जुना कागद हरवून येतो, आणि मागील खेपेस रक्तात काय आढळले हे त्याला सांगता येत नाही. नोंद पडद्यावर असली म्हणजे विद्यार्थी त्याच रोग्याची मागील गोष्ट वाचून त्याच्याशी बोलू लागतो. येथे यंत्र संभाषणाला आधार देते, त्याची जागा घेत नाही. अलीकडे प्रश्न विचारताच सुबक उत्तर रचून देणारी यंत्रे आली आहेत. ती प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे हवालेही बिनदिक्कत देतात. तरुण वैद्याने तो हवाला मुळातून उघडून पाहावा, एवढी शिस्त लावणे प्राध्यापकांच्या हाती आहे. मूळ लेख सर्वांना खुला असावा असे मी मघाशी म्हटले, त्याचे हेही एक कारण.

जाता जाता क्षिप्रेकडे वळतो. सुरासाच्या महाविद्यालयातील संशोधकांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील सहकाऱ्यांसह ह्या नदीचे पाणी आणि गाळ निरनिराळ्या ऋतूंत तपासले. त्यांत प्रतिजैविक औषधांचे अंश आणि त्या औषधांना दाद न देणारे जंतू आढळले. हा निबंध २०१८ साली सर्वांस मुक्त असलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो उघडण्यास एक पैसाही पडत नाही. भैरवगढचा छपाईचा धंदा पिढ्यान् पिढ्या ह्याच नदीच्या आधाराने चालत आला, आणि पर्वणीला लाखो लोक ह्याच नदीत उतरतात. निबंध इंग्रजीत आहे. त्याचा एका पानाचा सोप्या हिंदीत गोषवारा करून तो घाटावर आणि छिप्यांच्या मोहल्ल्यात वाचून दाखविणे, हे तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका रविवारी करता येण्याजोगे काम आहे. कोणी करणार असेल, तर पाने छापून देण्याची जबाबदारी आमच्या शाळेतील मुले घेतील.