वाटणी डोळ्यांदेखत



सप्टेंबर सरत आला की आपल्या वाशिम-अनसिंग भागात सोयाबीन पिवळं पडतं आणि सोंगणीची घाई सुटते. शेंगा तडकायच्या आत पीक निघालं पाहिजे, आणि मजूर तर मिळत नाहीत. अशा वेळी आठ-दहा बाया मिळून अख्खं वावरच अंगावर घेतात. एकरी भाव आधी ठरतो, पैसे काम संपल्यावर एकदम हातात पडतात आणि धुऱ्यावर बसून त्यांची वाटणी होते. एकीचा विळा झरझर चाललेला असतो. दुसरी वयानं थकलेली. तिसरी मधेच दोनदा उठून लेकराला पाजून आलेली. मग तिघींना सारखेच पैसे का, असं कुणीतरी कुरकुरतं. त्यावर दुसरी कुणी म्हणते, "आज तिचं अंग दुखते, उद्या आपलं दुखीन." बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो.

कामाप्रमाणे दाम द्यावा की गरजेप्रमाणे, या वादावर जगात पक्ष फुटले, ग्रंथ लिहिले गेले. या बायांना तो वाद दिवस मावळायच्या आत मिटवावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे याच टोळीला पुढच्या वावरात उतरायचं असतं. सहकाराचा विचार खरा की खोटा, हे अशा वाटणीच्या वेळी कळतं.

मुंबईचं एक उदाहरण सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आजचा लिज्जत पापड तो हाच. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम थांबलं नाही. एखादा कारखानदार असता तर त्यानं पावसाळ्यात मजुरांना घरी बसवलं असतं. इथं घरी बसणारी आणि मालकीण एकच होती, म्हणून ही युक्ती निघाली. जी लाटते ती मालकीण आणि नफा-तोटा सगळ्या बहिणींचा, हा नियम तिथं आजही आहे.

आता आपल्या बचत गटांकडे या. १९९२ साली नाबार्डनं गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावी गट उभे राहिले. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोब हे सगळं नियमित, ही पंचसूत्री बायांना तोंडपाठ आहे. माझ्या मते त्यातलं शेवटचं सूत्र सर्वांत मोलाचं. गटाची वही बहुधा एखादी शिकलेली सून लिहिते. ती वही बैठकीत मोठ्यानं वाचली, की अंगठा लावणाऱ्या आजीलाही कळतं, कर्ज कुणाकडे किती आणि व्याज किती जमलं. "मी लिहून ठेवते, तुम्ही फक्त सह्या करा," असं एकदा सुरू झालं, की गट दहा जणींचा राहत नाही. तो दोघींचा होतो.

एकोप्याला दुसरी बाजूही आहे. कुणाचा हप्ता थकला, तर बँकेचा माणूस येण्याआधी शेजारीणच दारात येऊन उभी राहते. चार माणसांत नाव निघण्याचं भय सावकाराच्या तगाद्याहून कमी नसतं. नापिकीच्या वर्षी एखादीला सांभाळून घेणं आणि वर्षानुवर्षं बुडवणारीला जाब विचारणं, ही दोन्ही कामं त्याच बैठकीला करावी लागतात.

मोठ्या संस्थेत कारभार असा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवणं आणखी अवघड होतं. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा भाग कितीही असोत, मत एकच, असं ठरवलं. आपल्या गावच्या सेवा सोसायटीतही एक सभासद, एक मत हाच कायदा आहे. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि ती बरेचदा अगदी शेवटी, ऐन सोंगणीत लावली जाते. कोरम भरत नाही. सभा तहकूब होते, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरते आणि विषयांमागून विषय "मंजूर, मंजूर" म्हणत निकालात निघतात. त्यात सोसायटीचं पीककर्ज सातबारा पाहून मिळतं. विळा बाईच्या हाती असतो, सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभेतलं मतही बहुधा त्याचंच. अनसिंगच्या उपबाजारात माल विकला, तर काट्याची पावतीही त्याच्याच नावे फाटते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं अभियान काढलं, तेव्हा जमिनीचा वाटा घरधनिणीच्या नावे करा, हेच सांगितलं होतं. ते काम अजून अर्धंच झालं आहे.

म्हणून संचालक मंडळींना एक विनंती. यंदाची सभा ऑगस्टमध्ये, निंदणं आटोपल्यावर, संध्याकाळच्या वेळी घ्या. ताळेबंद नुसता वाटू नका, ओळीओळीनं वाचून दाखवा. आणि सभासदांनो, न समजलेल्या आकड्यावर हात वर करून विचारा, "हा पैसा कुठं गेला?" सभा लांबेल, चहा दोनदा मागवावा लागेल. पण संस्था आपली आहे, असं त्यानंतरच म्हणता येईल.