हरलेलं परत जिंकायला जाऊ नका

दोस्तांनो, जुगार हराम आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पण मोबाईलवर तो ‘गेम’ म्हणून येतो. ऑनलाइन जुगारात 58 कोटी गमावल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली आणि जुलै 2023 मध्ये पोलिसांचा छापा पडला तो आपल्या गोंदियातल्या घरावर. सुरुवातीला तो व्यापारी जिंकत होता, असं पोलीस सांगतात.

मी सॉफ्टवेअर लिहितो. अशा ॲपवर दिसणारी शिल्लक म्हणजे चालवणाऱ्याने दाखवलेला आकडा.

हरलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं, उसनवारी, घरी लपवाछपवी ही व्यसनाची लक्षणं. दिसली तर ॲप काढा, बँकेचे व्यवहार घरच्यांकडे सोपवा. मित्र अडकला तर उपदेश नको, उसने पैसेही नकोत. शेजारी बसा आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन लावून द्या.