हिंगोलीकरांच्या वतीने

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या ग्रंथपाल बंधू-भगिनींनो,

हिंगोली नगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. मी हळदीचा आडत्या. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मात्र बरीच वर्षं आहे. ग्रंथनोंदींवर संगणकाच्या स्क्रिप्ट कशा चालवायच्या, मराठी-उर्दू-पंजाबी अक्षरं त्यात कशी सांभाळायची, हा आपला विषय. पत्रिका वाचून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "यात तुमचं काय काम?" मी म्हटलं, मांडव, पाणी आणि भोजन. पत्रिकेत मला दहा मिनिटं दिली आहेत, ती आयोजकांची समजूत आहे.

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन. पण गाव जुनं. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथं १९०३ पर्यंत होती. त्या काळी इथं असलेल्या मेडोज टेलर साहेबांनी १८३९ साली ठगांवर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत आमच्या गावचा एक प्रतिष्ठित व्यापारी आहे, हरिसिंग. त्यानं मुंबईहून कापड आणण्यासाठी कॅप्टन रेनॉल्ड्स साहेबांकडून परवाना घेतला. माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता. त्याला वाटेत नोकरांसकट मारलं, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पुढं कळलं, की हा ठगांचा म्होरक्या. तेव्हापासून हिंगोलीचे व्यापारी बरेच सुधारले आहेत, हे व्यापारी संघाचे सदस्य समोर बसले आहेत म्हणून आवर्जून सांगतो.

आमचा दसरा पाहायला लांबून माणसं येतात. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा मोदक घ्यायला रांग लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. नानाजी देशमुख कडोळीचे. ही यादी आमच्या नातवंडांना पाठ आहे, तेव्हा आवरतो.

पण नामदेवांना आवरता येत नाही. नर्सी इथून जवळ. तिथं १२७० साली महाराजांचा जन्म झाला. अभ्यासक जन्मगावावर वाद घालतात, खुशाल घालोत. हिंगोलीत तो वाद नाही. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथं पिंड दिसू लागली, आणि नामदेवांना गुरू मिळाले.   

तर नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, गुरुमुखी लिपीत. घुमानला आजही त्यांना मानतात, म्हणूनच २०१५ चं ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं. कीर्तन करणाऱ्या नामदेवाकडे देऊळच फिरलं, ही आमच्या औंढ्याची कथा पंजाबातही सांगतात.

इथं एकदाचा मी आपल्या विषयाला येऊन पोचलो. स्थानिक महाविद्यालयाचे तरुण ग्रंथपाल मला महिनाभर शिकवत होते. कळलं तेवढं सांगतो, चुकलं तर ते समोर आहेत. मार्क नावाचा नोंदीचा साचा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम या बाईंनी १९६०च्या दशकात बांधला. मोंढ्यात पोत्याच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव ज्याच्या त्याच्या जागी असतात, तसंच यात: १०० नंबरला लेखक, २४५ ला शीर्षक, आणि तेच शीर्षक मूळ लिपीत लिहायचं तर ८८० ला. परदेशातल्या यादीत आपले महाराज रोमन अक्षरांत असतात, 'ना'च्या 'आ'वर आडवी रेघ. जुन्या संकेतात ती रेघ अक्षराच्या आधी साठवायची, युनिकोडमध्ये नंतर. स्क्रिप्टनं हा क्रम उलटवला नाही, तर रेघ भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते.

आपल्याकडची तऱ्हा याहून बिकट. युनिकोड रुळण्याआधी मराठी यादी वेगवेगळ्या फॉन्टांत टंकली गेली. संगणक बदलला, फॉन्ट गेला, आणि पडद्यावर मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं. यातून सुटायला नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. 'शिरडशहापूर' घ्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी, मग 'श'. युनिकोडमध्ये 'श' आधी, मग वेलांटी. 'कीर्तना'तला रफार तर नेमका याच्या उलट, तो मागून उचलून पुढं आणावा लागतो. ग्रंथपालांनी पायथॉनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट माझ्यासमोर चालवली. चहा निवायच्या आत 'वेलांटी'तून बाहेर पडून 'शिरडशहापूर' जागेवर आलं होतं. मी टाळी वाजवली.

मग त्यांनी लेखकांच्या नावाचा रकाना दाखवला. नामदेव, संत नामदेव, नामदेव महाराज, भगत नामदेव: यंत्राच्या लेखी हे चार इसम. औंढा आणि आवंढा वेगळे, वसमत आणि बसमत वेगळे, आणि इंग्रजीत 'हिंगोली'च्या शेवटी टेलर साहेब दोन 'ई' लावतात म्हणून तेही गाव वेगळं. हे जुळवायला हवंच. पण भीती उलटीही आहे. नावं जुळवण्याच्या उत्साहात स्क्रिप्टनं विष्णुदास नामा आमच्या नामदेवांत घातला, तर? त्या दोघांचे अभंग गाथेत आधीच इतके मिसळलेत, की ते निवडण्यात संशोधकांची हयात गेली. आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' संतवाङ्मयात गेला, तर ढसाळ हसतील, पण वाचकाला पुस्तक सापडणार नाही. म्हणून माझं मागणं एकच: स्क्रिप्टला नावं जुळवू द्या, एक करण्याआधी मात्र माणसाला विचारायला लावा. तो माणूस गाथा चाळलेला असावा.

आमच्या वाचनालयाची निजामी काळातली दाखल नोंदवही बाहेर टेबलावर ठेवली आहे. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळं एकाच रकान्यात मराठी नाव डावीकडून आणि उर्दू नाव उजवीकडून सुरू होतं. किमतीचे रकाने दोन, निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. ज्या कारकुनानं ती लिहिली, त्याची अक्षरं दोन्ही लिप्यांत सारखीच गोटीबंद आहेत. त्याचं नाव मी खूप शोधलं; वहीत शेकडो लेखक आहेत, तो नाही. १९४८ नंतर वही दुसऱ्या हातात गेली. त्या गृहस्थांना उर्दू येत नसावं. त्यांच्या नोंदी अशा: 'उर्दू पुस्तक, हिरवा पुठ्ठा', 'उर्दू पुस्तक, पुठ्ठा नाही'. यावर स्क्रिप्ट चालवायची तर काय चालवणार, हे आपण दोन दिवसांत सांगावं. पुस्तकं अजून कपाटात आहेत. उर्दू वाचणारे आमच्या गावातच आहेत, त्यांना कुणी विचारलं नाही इतकंच.

आता उणिवा. मागचा फलक आपण पाहिलाच असेल. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये दिला, छापणाऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं सुटली, आणि 'स्वागताध्यक्ष'मधला 'ध्य' पाय मोडून पडला. बदलायला वेळ नव्हता. काही जणांनी हा मुद्दाम विषयाला धरून केलेला देखावा समजून कौतुक केलं; आम्ही ते स्वीकारलं. मंगल कार्यालयात रात्री रजया कमी पडल्या. आमचा हिशेब हिंगोलीकरांच्या थंडीचा होता, कोकणातल्या पाहुण्यांचा नव्हता. आज वाढीव रजया येतील. लॅपटॉपसाठी बोर्ड पुरेसे नाहीत. तीन तारांच्या पिना आळीपाळीनं लावाव्यात. वाय-फाय चहाच्या टेबलाजवळ चांगलं चालतं, सभागृहात चालत नाही. यामुळं सत्रं ओस पडणार नाहीत, अशी आशा आहे.

आभार लांबतील, पण ऋण मोठं आहे. संत नामदेव हळद मार्केट यार्डातल्या अडत्यांनी भोजनाचा खर्च उचलला. नावं घेऊ नका, असं त्यांनी बजावलं आहे आणि घेतली नाहीत तर रुसणार आहेत, म्हणून ती फलकावर लावली आहेत. हमाल बांधवांनी खुर्च्या उतरवल्या आणि मजुरी नाकारली. गुरुद्वारातून पाण्याच्या टाक्या आल्या. उर्दू शाळेनं वर्ग उघडून दिले. महिला बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत. मांडववाल्यांचं बिल अजून आलेलं नाही, त्याबद्दलही आभार.

उद्या दुपारी तीनला नर्सी आणि औंढ्याची बस आहे. जागा मर्यादित, नावं ग्रंथपालांकडे द्यावीत, आणि कृपया एकाच पद्धतीनं लिहावीत. जेवण साडेबाराला. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो. काडेपेटी माझ्याकडे आहे.