अंगण आधी मुलांचं



आपण गुजरातेत राहणारे मराठी लोक, म्हणून ताराबाई मोडकांवर आपला दुहेरी हक्क. बालशिक्षण त्या शिकल्या भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. ते १९४५ साली त्यांनी बोर्डीला नेलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आणि खडे आले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा काढली. मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली! मुलाला त्याच्या गुरांपासून तोडलं नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

आणि आपण? मूर्ती शाडूची हवी म्हणतो, पण मुलांचे हात मातीत गेले की ओरडतो. दूर्वांच्या जुड्या बाजारातून आणतो. (नातवाला दूर्वा ओळखायला सांगून पाहा.) मंडळाच्या अंगणात गाड्या उभ्या.

आमचं मागणं एवढंच आहे : गणपती उठले की दर रविवारी सकाळी दोन तास हे अंगण मोकळं ठेवा. खेळणी नकोत. माती-पाण्याचं आम्ही पाहतो. गोष्टी सांगणाऱ्या दोन आज्या आणि झाडं ओळखणारे एखादे आजोबा मात्र हवेत. नावं आज आरतीनंतर द्यावीत.