साक्षीला उभं राहताना
(साक्षीदारांच्या शिबिरातलं भाषण)



वरकस जमिनीवरच्या मारहाणीची केस आता बोर्डावर आलीय. आपली पाच माणसं सरकारतर्फे साक्षीदार आहेत. ही साक्ष कशी घेतात ते आम्ही समजून घेतलंय, तेच सांगतो.

पहिली गोष्ट. फिर्यादीवर सही-अंगठा लागतो, ती वाचून घ्यायची, नक्कल फुकट मिळते. पण पोलीस तपासात साक्षीदाराचा जबाब घेतात, त्यावर सही नाही, अंगठा नाही. कायदाच तसं सांगतो. तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे कोर्टात, आरोपीसमोर, शपथेवर आपण बोलू तो.

आधी सरकारी वकील विचारतात, ती सरतपासणी. उत्तर तोंडात घालून त्यांना विचारता येत नाही, म्हणून काय पाहिलं ते आपणच सांगायचं. मग आरोपीचा वकील, ती उलटतपासणी. तो म्हणेल, "किती वाजले होते? किती फुटांवर होतास?" आपल्याकडे घड्याळ नाही. कोंबडं आरवताना, हाकेच्या अंतरावर, असं सांगितलं तरी चालतं. अंदाजाने आकडा फेकू नका, तोच पुढे अंगाशी येतो. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हणा. "जबाबात हे का नाही?" असं विचारलं आणि तुम्ही खरंच सांगितलं असेल, तर म्हणा, "मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते मला माहीत नाही."

साक्ष लिहून झाली की वाचून दाखवायची असते. चूक असेल तर तिथंच बोला. कोर्टाची भाषा कळत नसेल तर दुभाषी मागा.

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली. पण अंगावर इजेच्या खुणा नाहीत म्हणून तिने विरोध केला हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली मानलं नाही, दोघे सुटले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: पोलिसाच्या ताब्यातली बाई संमती नव्हती असं कोर्टात सांगेल, तर कोर्टाने तेच धरून चालायचं. म्हणजे आपल्या शब्दाला वजन आहे, पण ते लढून मिळालंय.

आता आपली अडचण. दिवाळीनंतर घरंच्या घरं भट्टीवर जातात. समन्स येतं तेव्हा झोपडी बंद. तारखेला हजर नाही तर साक्षीदारावरच वॉरंट निघतं. म्हणून पाचही जणांनी भट्टीचा पत्ता वाडीत ठेवून जायचं. मुकादमाकडून उचल घेतानाच तारखेची सुट्टी बोलून घ्यायची. कोर्टाकडे जाण्यायेण्याचा भत्ता मागायचा.

समोरचे पैसे घेऊन येतील, दारू पाजतील, दम देतील. एक फितूर झाला तर बाकीचे चार एकटे पडतील. पण कायद्यात साक्षीदार किती हवेत याला आकडा नाही. एकाची साक्ष खरी वाटली तरी कोर्ट शिक्षा देऊ शकतं. म्हणून शेवटचा एक उरला तरी त्याने मागे हटायचं नाही, आणि त्या दिवशी सगळी वाडी कोर्टाच्या आवारात बसेल.

जिंदाबाद!