मग पैसे कोणी भरले?

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना जे विस्कळीत झाले ते स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहिले आहे.)



सचिवांनी मला सांगितले, "काका, दहा मिनिटं काहीतरी बोला, पण बँकेवर नको." गेल्या वेळी मी ठेवींच्या व्याजावर बोललो होतो, त्याचा हा परिणाम. म्हणून आज इंटरनेटवर बोलतो. हसू नका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने इंटरनेटवर बोलू नये असा आपल्या उपविधीत कुठे नियम नाही, मी पाहून घेतले आहे.

माझे गाव प्रतापगड. महाबळेश्वराजवळचे नव्हेच नव्हे. आमचे प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यात. मी जन्मलो तेव्हा जिल्हा भंडारा होता, १ मे १९९९ पासून गोंदिया झाला. डोंगरावर महादेव, आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी बाबांचा दर्गा. महाशिवरात्रीला यात्रा भरते, आणि देवाला आलेला माणूस दर्ग्यात डोके टेकवल्याशिवाय सहसा परतत नाही. शेजारी गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. थंडीत तुम्ही ज्यांच्याकडून स्वेटर घेता, त्यांतले काही आमचे गाववाले निघतील.

आता या गावाचा इंटरनेटशी काय संबंध, ते सांगतो.

१९९८ साली माझी बदली पुण्याला होती. माझा मुलगा तिथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. आपल्या देशात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. चित्रे दिसणारे खाते घ्यायचे तर वर्षाला पंधरा हजार रुपये, तेही अडीचशे तासांसाठी. तेव्हा आमच्या शाखेतल्या कारकुनाचा दोन-तीन महिन्यांचा पगार तेवढा होता! विद्यार्थ्यांना मात्र पाचशे रुपयांत एक खाते मिळे. त्यात चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. पोराने हट्ट करून ते घेतले. त्याच्या आईला वाटले, पाचशे रुपये पाण्यात गेले.

त्या अक्षरांमध्ये युजनेट नावाचा प्रकार होता. आजच्या मुलांना हे नावही माहीत नाही, म्हणून दोन शब्द. जगभरच्या चावड्या समजा. प्रत्येक विषयाची वेगळी चावडी, तिला न्यूजग्रुप म्हणत. संगणकाच्या चावड्यांची नावे कॉम्पने सुरू होत, विज्ञानाच्या साय, छंदांच्या रेक, समाज-संस्कृतीच्या सॉक. आपली होती सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी. म्हणजे अमेरिकेत, आखातात, सिंगापुरात बसलेली मराठी मंडळी तिथे रोमन लिपीत मराठी लिहीत. पुरणपोळीपासून राजकारणापर्यंत सगळे विषय, आणि भांडणेही अस्सल मराठी.

त्या फेब्रुवारीत माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची यात्रा चुकत होती. डोळ्याला पट्टी, वाचता येईना, दिवसभर चुळबुळ. मुलाने त्यांना बाजूला बसवले आणि म्हणाला, "आजोबा, यात्रेचं सांगा, मी जगाला कळवतो." बाबा सांगत गेले, तो टाइप करत गेला. लहानपणी मोठ्यांच्या खांद्यावर बसून डोंगर चढल्याचे, बैलबंड्यांच्या रांगांचे, रात्रीच्या दंडारीचे. मला तेव्हा ते पोरखेळ वाटले. ऑफिसचे काम होते, मी नीट ऐकलेसुद्धा नाही.

पाच-सहा दिवसांनी उत्तर आले. कॅनडातून, एका बाईंचे. माहेर अर्जुनी मोरगाव. लग्नानंतर यात्रा पाहिलीच नाही, वाचताना रडू आले, असे त्यांनी लिहिले होते. मुलाने ते वाचून दाखवले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मास्तर जागा झाला.

"याचे पैसे किती लागले?"

"काहीच नाही, आजोबा. हे फुकट असतं."

"काहून? कॅनडाला पत्र टाकाचं तर तिकीट लागते. मग पैसे कोणी भरले?"

पोराला उत्तर देता येईना. मलाही आले नाही, आणि मी बँकेतला माणूस! आमच्याकडे एका खात्यात जमा दाखवायचे तर दुसरे कुठलेतरी खाते नावे पडावेच लागते. नावे न पडता जमा झाले तर ऑडिटर तुम्हाला घरी जाऊ देत नाही. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला निवृत्त व्हावे लागले.

उत्तर असे आहे. युजनेट कुणा एकाच्या मालकीचे नव्हते. १९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ती कल्पना सुचली. एक संगणक दुसऱ्याला रात्री फोन लावायचा, कारण रात्री फोनचा दर कमी, आणि दिवसभराचे निरोप त्याला देऊन टाकायचा. तो पुढच्याला द्यायचा. मध्यवर्ती कचेरी नाही. प्रत्येक ठिकाणी सगळ्या मजकुराची प्रत. फोनचे बिल भरायचे ते विद्यापीठ आणि कंपन्या. पुढे घरोघरी इंटरनेट गेले तेव्हा इंटरनेट देणाऱ्या कंपन्या मासिक वर्गणीतच न्यूजग्रुपची सोय देऊ लागल्या. तुम्हा-आम्हाला वाटले फुकट. मेंटेनन्समध्ये जिन्यातला दिवा असतो, पण बिलावर वेगळा दिसत नाही, तसे.

अक्षरांना जागा किती लागते? बाबांची सगळी यात्रा एका फोटोच्या शंभराव्या हिश्शातही मावली असती. पण लोकांनी त्याच वाटेने चित्रे, गाणी, अख्खे सिनेमे तुकडे करून पाठवायला सुरुवात केली. त्यांत चोरीचा माल खूप, आणि काही तर गुन्ह्याच्याच सदरात मोडणारा. साठवणीचा खर्च वाढला, वर कायद्याची कटकट. २००५ साली एओएलने ही सोय बंद केली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने कंपन्यांना धारेवर धरल्यावर आणखी काहींनी हात आखडता घेतला. २० मे २०१० ला खुद्द ड्यूक विद्यापीठाने आपला सर्व्हर बंद केला. म्हणजे ज्या घरात बारसे झाले, त्याच घराने दार लावले.

मग उरले तीन प्रकार. एक, पूर्ण पैसे घेणारे. दर महिन्याला भाडे घेतात, वर्षानुवर्षांचा माल ठेवतात, वेग देतात. त्यांचे मुख्य गिऱ्हाईक मोठ्या फायली उतरवणारे. माझ्यासारख्या नुसते वाचणाऱ्याने ते घेणे म्हणजे पासबुक ठेवायला लॉकर भाड्याने घेण्यासारखे. दोन, अगदी फुकट: कुणी हौशी माणूस किंवा संस्था फक्त अक्षरांपुरता सर्व्हर चालवते. एटर्नल सप्टेंबर नावाचा असा एक आहे, नाव नोंदवले की झाले. आमच्या यात्रेतली पाणपोईच ती. रांजण भरणारा आहे तोवर पाणी आहे. तिसरा प्रकार मला सर्वांत आवडला. बर्लिनच्या फ्री विद्यापीठाचा एक सर्व्हर वर्षानुवर्षे मोफत होता. २००५ मध्ये त्यांनी वर्षाला दहा युरो वर्गणी लावली. नफा म्हणून नव्हे, खर्च निघावा म्हणून. यालाच आपण सोसायटीत देखभाल खर्च म्हणतो, आणि तो वेळेवर भरत नाही. (नावे घेत नाही, यादी नोटीस बोर्डावर आहे.)

आणखी एक चौथा प्रकार राहिला, तोच सर्वांत लबाड. दुसऱ्याने साठवलेले, तिसऱ्याने फुकट दाखवलेले. डेजा न्यूज नावाची कंपनी १९९५ पासून हे सगळे बोलणे जपत होती. २००१ मध्ये गुगलने तो साठा विकत घेतला. टोरांटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर नावाच्या गृहस्थांनी १९८१ पासूनचा मजकूर १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवला होता, तोही त्यात आला. कुणी सांगितले नव्हते, पगार नव्हता, त्यांनी फिती ठेवल्या. आमच्या बँकेत जुनी लेजरे रद्दीत जाऊ नयेत म्हणून भांडणारा एखादा शिपाई असायचा, तसला माणूस. लबाड मी त्यांना म्हणत नाही, सोय लबाड. कारण फुकट दाखवणाऱ्याची मर्जी फिरली की आपण दाद कुठे मागायची? पावतीच नाही!

बाबा २००४ मध्ये गेले. तेराव्यानंतर कधीतरी मला ते टाइप केलेले आठवले. घरच्या संगणकातली डिस्क केव्हाच भंगारात गेली होती. मुलगा तोवर अमेरिकेत. त्याच्याकडे ज्यांचे इंटरनेट होते त्यांच्या न्यूजग्रुपवर फक्त अलीकडचे होते, आणि थोड्या वर्षांनी त्यांनी ती सोयच काढून टाकली. त्याने फोनवर सांगितले, "बाबा, पैसे भरून बघू का?" भरले. तीन महिने भरले. तिथेही इतके जुने नव्हते. साधी गोष्ट आहे, पण माझ्या लक्षात यायला वेळ लागला: पैसे भरल्याने पुढचे जपले जाते. जे कुणी ठेवलेच नाही, ते पैशाने परत येत नाही.

शेवटी गुगलच्या फुकट साठ्यात शोधले. बाबांचा मूळ मजकूर नाही. का नाही, माहीत नाही. पण कॅनडाच्या त्या बाईंचे उत्तर होते. आणि त्या काळची रीत अशी, की उत्तर देताना समोरच्याच्या ओळी वर ठेवायच्या, प्रत्येक ओळीच्या आधी एक बाणासारखी खूण करून. त्या बाईंनी आठ ओळी ठेवल्या होत्या. तेवढे माझे बाबा सापडले. रोमन लिपीत, "काहून" चे स्पेलिंग चुकलेले. त्यात एक वाक्य असे आहे की त्यांच्या आजीने उतरताना दर वर्षी दर्ग्याच्या पायरीवर एक पैसा ठेवायचा आणि म्हणायचे, दिवा कोणीतरी लावतेच ना. हे मी घरात कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी शेजारच्या खोलीत मी व्हाउचर तपासत बसलो होतो.

आता आपल्या सोसायटीचे. २००० साली नोंदणी झाली तेव्हापासूनचे फोटो कुठे आहेत? पहिल्या गणपतीचे, बोअरवेलला पाणी लागले त्या रात्रीचे, आपल्यातून गेलेल्या सहा जणांचे? काही एका माजी सचिवांच्या फुकट खात्यावर होते. जागा भरली, फोन बदलला, पासवर्ड कुणाला आठवेना. या स्मरणिकेसाठी संपादक मंडळ महिनाभर घरोघर हिंडले तेव्हा कुठे चाळीसेक जमले. बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर "छान!" म्हणून पुढे सरकले आणि गेले. मी सर्वसाधारण सभेत ठराव मांडला होता की सोसायटीच्या नावाने पैसे भरून जागा घ्यावी, दोघांकडे किल्ली असावी, आणि दर वर्षी निवडक पंचवीस फोटो छापून वहीत चिकटवावेत. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. दोन सभा झाल्या. खजिनदार म्हणतात, फुकट मिळत असताना खर्च कशाला. त्यांचेही चूक नाही, सिंकिंग फंडाला हात लावायचा नसतो. पण मी हा विषय पुन्हा मांडणार, हे आजच सांगून ठेवतो.

आपल्या झाडीपट्टीत दंडार फुकट असायची. गावाने तांदूळ, तेल, घोंगड्या गोळा केलेल्या असायच्या म्हणून ती फुकट. आता वडशाच्या कंपन्यांची नाटके तिकिटावर होतात, आणि लोक थंडीत रात्रभर बसून बघतात. तिकीट घेतो म्हणून कुणी नाटकाला कमी टाळ्या देत नाही.

एक शेवटचे सांगतो, मग मसाला दूध. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने युजनेटवर नवीन लिहिण्याची सोय बंद केली. कारण दिले की आता तिथे खरे लिखाण कमी आणि जाहिरातींचा कचराच जास्त. जुने वाचता येते, उत्तर देता येत नाही. आणि मला नेमके तेव्हाच उत्तर द्यायचे होते. त्या बाईंचे आभार कुणीच मानले नव्हते. मुलाने बर्लिनच्या त्या सर्व्हरची दहा युरोंची वर्गणी भरली. मी त्याला तेवढे रुपये पाठवले, तो नको म्हणाला तरी. पंधरा दिवसांनी, ८ मार्चला, महाशिवरात्र होती. त्या दिवशी मी स्वतः टाइप करून, देवनागरीत, त्यांना लिहिले. सव्वीस वर्षे उशीर झाला याची माफी मागितली, यात्रा अजून भरते हे कळवले, आणि विचारले की माझ्या वडिलांच्या आणखी काही ओळी तुमच्याकडे कुठे उरल्या आहेत का.

अजून उत्तर आलेले नाही. वर्गणी या वर्षीही भरली आहे.