उधारीची वही

वाशीम जिल्ह्यांतील कामरगांवासारख्या गांवीं एखादा जुना दुकानदार निवर्तला, म्हणजे लोक त्याच्या तराजूपेक्षां उधारीच्या वहीचीच आठवण अधिक काढतात. कापूस विकून पैसा हातीं येईपर्यंत गरिबाची मीठमिरची त्या वहीवरच चालावयाची.

महाराष्ट्राचा सर्वांत लाडका दुकानदार देहूचा. तुकोबांच्या घरीं महाजनकी होती, वाण्याचें दुकान होतें. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळांत पहिली पत्नी अन्नावांचून गेली. दुकानाचें दिवाळें निघालें. पुढें घरच्या कर्जखतांची वांटणी झाली. परंपरा सांगते कीं, निम्मीं खतें धाकटे बंधु कान्होबा यांच्या हवालीं करून तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं तेवढीं इंद्रायणींत बुडविलीं.

यांत केवळ वैराग्य पाहणें अपुरें होय. दुष्काळानें ऋणको आधींच नागवले होते. त्यांच्या मानेवरील जूं उतरलें. श्रोत्यांनीं हेंही ध्यानीं घ्यावें कीं, भावाचा हक्क त्यांनीं आपल्या औदार्यापायीं खर्ची घातला नाहीं. दान केलें तें स्वतःच्या पदरचें.

1650 मध्यें तुकोबा गेले. त्यांच्या दुकानांतील भाव कोणाच्या स्मरणांत नाहींत. बुडविलेलीं खतें मात्र घरोघर ठाऊक आहेत. गांवच्या दिवंगत दुकानदाराचें स्मरण करावयाचें, तर अडचणीच्या सालीं त्यानें कोणाच्या नांवापुढील आंकडा मुकाट्यानें पुढें ढकलला, तें आठवावें.